टिकटिक न करणारी सायकल

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूच नये. जो ठेवेल त्याला पुढे जन्मभर कोणीही काहीही विकून जाईल. पण तुमचा विश्वास बसत नाही म्हणून घडलेली गोष्ट घडायची राहते थोडीच? हिलाल नावाचा खानदेशी माणूस, ज्याला चाळिशी येईपर्यंत सायकलची घंटीसुद्धा धड वाजवता येत नव्हती, तो एका सकाळी सुरतेहून सायकलवर बारडोलीला गेला आणि सायकलचं तोंड न वळवता सुरतेला परत आला. वाटेत कुठे उतरला नाही, टेकला नाही. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे सवड मिळणार नाही.

साल असेल चौसष्ट-पासष्ट. हिलाल शिंदखेड्याकडून सुरतेत येऊन बरीच वर्षं झाली होती. कतारगामच्या एका लूमच्या खात्यात तो रातपाळीला साचे चालवायचा. खातं म्हणजे पत्र्याची शेड आणि साचा म्हणजे विजेवरचा माग. सुरतेत राहून राहून तो मागाला माग म्हणायचं विसरला होता. आत खडखडाट असा, की माणसं तोंडानं बोलतच नसत, हातांनी बोलत. दोन बोटं ओठांना लावली की विडी, मुठीनं हवा पिळली की सूत तुटलं, कपाळाला हात लावला की शेठ आला. हिलालची ही सवय घरापर्यंत आली होती. पाणी हवं असलं तर तो नुसता अंगठा तोंडाकडे न्यायचा.

"जीभ खात्यात ठेवून आलात का?" धुरपदाबाई विचारायची.

धुरपदाबाई त्याची बायको. पण हे विचारायची संधी तिला क्वचितच मिळे. ती शहरात जरीच्या कारखान्यात फिरक्या भरायला जायची, दिवसपाळीला. हा सकाळी खात्यातून सुटून पायी लिंबायतला घराकडे निघायचा, तेव्हा ती लिंबायतहून शहराकडे निघालेली असायची. दोघांची गाठ पडायची स्टेशनाजवळच्या गरनाळ्यात. गरनाळं म्हणजे रेल्वेच्या रुळांखालून गेलेला बोगद्यासारखा रस्ता. डोक्यावर गाडी, पायाखाली चिखल आणि मध्ये यांचा संसार.

"भाकर टोपल्यात शे."

"बरं."

"घासलेट संपलं."

"आणतो."

"शेजारच्या शोभाबाईनं चाळणी नेली ती मागून घ्या. स्वतःहून द्यायची नाही ती."

एवढ्यात वरून मालगाडी आली, की उरलेला संसार दुसऱ्या दिवशी.

बरं, सुट्टी तरी एक असावी? त्याची सुट्टी रविवारी. तिचा शेठ जुन्या चालीचा, तो कारखाना बंद ठेवायचा अमावास्येला. म्हणजे अमावास्या रविवारी पडेल तेव्हाच नवराबायको एका जागी बसणार. आणि अशी अमावास्या आली की नेमका गावाकडून कोणीतरी पाहुणा यायचा, दात दुखतो म्हणून सुरतेच्या डॉक्टरला दाखवायला.

थंडीतल्या एका सकाळी धुरपदाबाई गरनाळ्यात थांबली आणि भाकरीचं, घासलेटचं काही बोललीच नाही.

"एक विचारू? तुम्ही चहा कसा पिता?"

"कसा म्हणजे? तोंडानं."

"तसं नाही हो. गोड लागतो का फिका? उकळलेला का नुसता वाफेचा? काल शोभाबाईनं विचारलं, तुझ्या मालकाला चहा कसा आवडतो. मला सांगताच आलं नाही. सुरतेत आल्यापासून तुम्ही तुमचा करून पिता, मी माझा. बायको असून मला ठाऊक नाही. लाज वाटली मला."

वरून गाडी आली. हिलालनं उत्तर दिलं असेलही, पण त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही. ती पदर सावरत शहराकडे गेली आणि हा घरी आला. घरी येऊन त्यानं चहा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला घशाखाली उतरेना. एकटा माणूस चहा पितो तेव्हा किती आवाज होतो, हे त्याच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं हिशेब मांडला. पायी यायला लागणारा वेळ निम्म्यावर आला, तर धुरपदा निघायच्या आत तो घरी पोचतो. पोचला तर दोघांचा चहा होतो. रोज सकाळी, बसून, एकमेकांकडे बघून. यापेक्षा मोठी मागणी त्यानं देवाकडेही कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गरनाळ्यात त्यानं जाहीर केलं, "सायकल घेतो."

"चालवणार कोण?"

"मी."

धुरपदाबाई एवढी हसली की शेजारून चाललेला भाजीवाला वळून पाहायला लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "घ्या. ज्या दिवशी सायकलवर याल त्या दिवशी मी दोन कप मांडून ठेवीन."

चाळीत सायकल होती एकट्या बाजीरावाकडे. बाजीराव भुसावळकडचा, रेल्वेच्या यार्डात सांधेवाला. गाड्यांना वाट दाखवून दाखवून त्याला माणसांनाही वाट दाखवायची सवय लागली होती.

"जयभीम, बाजीरावदादा. सायकल घ्यायची शे."

"कोणाला?"

"मलाच."

बाजीरावानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. हसला नाही. भला माणूस. म्हणाला, "मग नवी घेऊ नको. शिकताना तू तिला पाडणार आणि नवी असली तर तिच्या रंगासाठी रडणार. भागळच्या पुढे गल्लीत ठाकोरभाईचं दुकान आहे, जुन्या सायकलींचं. आता नीट ऐक. उंच सायकल घेऊ नको. लोकांना वाटतं घोडा घेतोय. सीटवर बसलास की दोन्ही पायांचे चवडे भुईला लागले पाहिजेत. हँडल वर उठलेलं बघ, वाकून चालवायचं तुझं वय गेलं. ब्रेक दाबून धर आणि ढकल. सरकली तर ठेवून दे. चाक उचलून फिरव. डुललं तर ठेवून दे. आणि मागे कॅरियर असू दे."

"कॅरियर कशाला?"

"मग वहिनींना काय हँडलवर बसवणार?"

हिलाल लाजला. चाळिशीचा माणूस लाजला की कानांपासून लाजतो.

"आणि एकटा जाऊ नको," बाजीराव म्हणाला. "माझी पाळी बदलली की दोघं जाऊ."

पण सुट्टीच्या दिवशी हिलालला घरात बसवेना. तो एकटाच गेला.

ठाकोरभाईच्या दुकानात सायकली अशा दाटीनं उभ्या होत्या, की एक ओढली तर चार कुरकुरत. ठाकोरभाई तोंडात बडीशेप चघळत स्टुलावर बसले होते. त्यांनी आधी एक विलायती दाखवली. हिलाल तिच्यावर बसला तर पाय हवेत लोंबकळले, झाडावर बसलेल्या पोरासारखे. उतरवावं लागलं. दुसरी दाखवली, तिचं हँडल एवढं खाली, की समोरचं दिसायला मान मोडावी. तिसरी मात्र हिरवी, बुटकी, शहाणी. चवडे भुईला लागले. हँडल छातीशी आलं. ब्रेक दाबून ढकलली तर हलली नाही. मागे कॅरियरही होतं, रुंद, बसणाऱ्याला टोचणार नाही असं.

हिलाल चाकापुढे उकिडवा बसला. एक डोळा मिटला आणि साच्यावरचा उभ्या धाग्यांचा ताणा बघावा तसं त्यानं तारांमधून आरपार पाहिलं. मग एकेका तारेवरून बोट फिरवत गेला आणि एका तारेवर थांबला. "ही सैल आहे."

ठाकोरभाई स्टुलावरून उठले. त्यांनी तार दाबून पाहिली, खरंच सैल होती. "वाह भाई! तमे तो कारीगर छो. आ सायकल तमारे माटेज बनी छे!"

सौदा झालाच होता. पण जाता जाता बाजीरावाचं बोलणं आठवलं म्हणून हिलालनं मागचं चाक उचललं, पायडल गरकन फिरवलं आणि सोडून दिलं.

टिक-टिक-टिक-टिक-टिक.

हिलालच्या अंगावर काटा आला.

आता इथे साच्याची गंमत कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साच्यावर विणलेलं कापड गुंडाळून घ्यायला एक दातेरी चाक असतं. ते दात्यादात्यानं पुढे सरकतं. कधी त्याचा दाता घसरला, की साचा आपला चालतच राहतो, धोटा इकडून तिकडे पळतच राहतो, पण कापड पुढे जात नाही, एकाच जागी जाड होत बसतं. अख्खा तागा वाया, आणि बोलणी खायची ती वेगळी. तेव्हा खूण एकच: टिकटिक. वरून वीज पडली तरी ज्यांना ऐकू येणार नाही, अशी खात्यातली माणसं ती टिकटिक शेडच्या दुसऱ्या टोकाहून ऐकतात आणि हातातलं टाकून धावतात.

"ही बिघडलेली शे," हिलाल म्हणाला.

"शुं बिघडेली? बधी सायकल एमज बोले!"

"बघू."

हिलालनं शेजारची उचलली. टिकटिक. तिच्या पलीकडची. टिकटिक. विलायती तर जरा जास्तच तोऱ्यात टिकटिक करत होती. हिलालनं कमरेवर हात ठेवले. "ठाकोरभाई, एवढं मोठं दुकान आणि एक धड सायकल नाही तुमच्याकडे?"

ठाकोरभाईंची बडीशेप तोंडातच राहिली.

आणि मग कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे, हिलालला ती दिसली. काळी. बुटकी. हँडल वर उठलेलं, कॅरियर रुंद. त्यानं पोती बाजूला केली, चाक उचललं, पायडल फिरवून सोडलं. आवाज नाही. चाक फिरतंय, सोबत पायडलही फिरतंय, दोघं मुकाट्यानं. हिलालला वाटलं, या बाजारात एवढी एकच खानदानी बाई आहे.

"ही."

"अरे ना, ना! ए ना लेवाय!" ठाकोरभाई धावत आले. "ए तो तापीना पूरमां डूबी हती. फ्रीव्हील जाम छे, भाई! पाय थांबवशो तो पण पायडल फर्या करशे. माणूस पडी जाय!"

हिलाल मनात म्हणाला, आलं लक्षात. दुकानदार जी वस्तू विकायला नको म्हणतो, ती त्यानं जावयासाठी राखून ठेवलेली असते. त्यानं हँडल घट्ट धरलं. ठाकोरभाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं. मग भागळच्या गल्लीत कोणी कधी पाहिला नसेल असा सौदा झाला. विकणारा सायकलीला शिव्या देतोय आणि घेणारा तिची बाजू घेतोय. ठाकोरभाई तिचा गंज दाखवायचे, हिलाल म्हणायचा, गंज कोणाला येत नाही? ठाकोरभाईंनी लाजेनं किंमत उतरवली, तसा हिलालचा संशय आणखी वाढला. शेवटी ठाकोरभाईंनी हात जोडले.

"लई जाव. पण कोईने केहता नहीं के मारी दुकानथी लीधी."

सायकल चाळीत आली तेव्हा बाजीराव दारातच होता. त्यानं पायडल फिरवलं आणि डोळे मिटून घेतले, एखाद्याच्या घरचं वाईट कळल्यासारखे.

"हिलालभाऊ, हिचं फ्रीव्हील जाम आहे रे. आत बारक्या खिट्ट्या असतात, त्या गंजून बसल्यात. तू पाय थांबवलेस तरी चाक तुझ्या पायांना फिरवत राहणार. थांब, चार थेंब घासलेट सोडू, दोन ठोके मारू. सुटेल."

"सुटली की काय होईल?"

"मग चालेल सगळ्यांसारखी. टिकटिक करत."

"मग नको."

"अरे वेड्या, सायकलीनं टिकटिक करायचीच असते!"

"दादा, पाय थांबले की चाक थांबलं पाहिजे. चाक फिरलं की पाय फिरले पाहिजेत. याला म्हणतात प्रामाणिक मशीन. पाय थांबलेत आणि चाक आपलं पुढे चाललंय, हे काय लक्षण झालं?"

घासलेट आणायला वळलेला बाजीराव परत फिरला.

शिकवणी सुरू झाली ती चाळीमागच्या मैदानात. दुपारी तिथे रंगाऱ्यांच्या साड्या बांबूंवर वाळत असायच्या. बाजीरावानं सीट धरली, हिलालला बसवला आणि पळायला लागला. धुरपदाबाईची अमावास्या होती त्या दिवशी. ती ओट्यावर बसून तोंडात पदर कोंबून बघत होती. हिलालचं अंग जात्याच तोलाचं. साच्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत वर्षानुवर्षं चाललेला माणूस, सरळ रेषा त्याच्या पायांत होती. मैदानाच्या मध्यावर बाजीरावानं सीट सोडली आणि हिलाल एकटा, सरळ, ताठ, नवरदेवासारखा निघाला.

"आता थांब!" बाजीराव ओरडला.

हिलालनं पाय थांबवले. म्हणजे थांबवायला गेला. सायकलनं त्याचे पाय हिसकून घेतले आणि फिरवायला लागली.

"ब्रेक! ब्रेक दाब!"

ब्रेक कोणाला आठवतो? थांबवायचं म्हटल्यावर हिलालच्या हाताला एकच ठाऊक. साचा थांबवायचा तर डाव्या हातानं दांडा आपल्याकडे ओढायचा. त्यानं डावा हात ओढला. सायकल डावीकडे वळली, बांबूंच्या रांगेत शिरली, आणि मग फक्त साड्या दिसायला लागल्या. पहिली गुलाबी, मग जांभळी, मग पोपटी. हिलाल बाहेर निघाला तेव्हा त्याच्या अंगावर एवढे रंग होते, की रंगाऱ्याची म्हातारी शिव्या द्यायची विसरून म्हणाली, "आ कोण देव छे?"

पुढे पुढे तो चालवायला शिकला. थांबायला मात्र त्याला भिंत लागायची.

"तुला सायकल येते, थांबणं येत नाही," बाजीराव म्हणाला. "आणि गरनाळ्याचा उतार ठाऊक आहे ना? तिथे हिनं वेग घेतला तर तुझे पाय गुडघ्यातून सुटतील."

"घर आलं की थांबेल ती," हिलाल म्हणाला. पण त्या दिवसापासून डोळे मिटले की त्याला गरनाळ्याचा उतार दिसायला लागला.

अखेर एका सकाळी गरनाळ्यात त्यानं धुरपदाबाईला सांगितलं, "उद्या."

"नक्की?"

"नक्की. संध्याकाळी सायकल खात्यावर घेऊन जातो. उद्या सकाळी तिच्यावर बसूनच येतो."

त्या दिवशी शहराकडे जाताना ती मागे वळून बघत बघत गेली.

आणि तो उद्या उगवला. खातं सुटलं. साथीदारांनी दारात उभं राहून हातांनीच त्याला निरोप दिला. कोणी हवेत पायडल मारून दाखवलं, कोणी कपाळाला हात लावला. गर्दीत बसायला नको म्हणून हिलालनं सायकल हातात धरून पुढच्या वळणापर्यंत नेली. वळणापर्यंतचं सगळ्यांनी पाहिलं. पुढचं कोणी पाहिलं नाही.

चाळीत तो पोचला तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. रोज पायी यायचा त्याहूनही उशीर झाला होता. सायकल हातात होती, कपाळाला घाम होता आणि पोटरीवर पायडलचे ओरखडे होते. वाटभर त्याला एकच आशा होती. धुरपदा आज गरनाळ्यात दिसली नाही. म्हणजे ती घरीच आहे, वाट बघतेय. सायकल भिंतीला लावून तो दाराशी गेला.

दाराला बाहेरून कडी होती.

खिडकीतून त्यानं आत पाहिलं. पाटावर दोन कप मांडलेले होते, बशीत पालथे. स्टोव्ह थंड. हिलाल खिडकीचा गज धरून उभा राहिला. गेली. वाट बघून बघून गेली, आणि आता उद्या गरनाळ्यात आपण काय तोंड दाखवायचं?

"हिलालभाऊ, ती तर केव्हाच गेली," शोभाबाई आपल्या दारातून म्हणाली. "चांगलं उजाडलंही नव्हतं."

बाजीराव राखेनं दात घासत बाहेर आला. "एवढा उशीर? आणि सायकलनं?" तोवर चाळीतली बाकीची मंडळीही जमली. सगळ्यांच्या नजरा आधी सायकलकडे, मग हिलालकडे. हिलालनं घसा खाकरला. गरनाळ्याच्या उताराला भ्यालो, हे चाळिशीतल्या माणसानं चाळीसमोर कोणत्या तोंडानं सांगावं?

आता इथून पुढे हिलालनं ओट्यावर टेकून जे सांगितलं, तेच जसंच्या तसं उतरवलं आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

"उशीर?" हिलाल म्हणाला. "मी तर तुम्ही झोपलेले असतानाच इथून गेलो."

"इथून?"

"या ओट्यासमोरून! वळणावर बसलो, सुटली ती वाऱ्यासारखी. गरनाळ्याचा उतार आला. पाय माझे राहिले नाहीत, तिचे झाले. वरून मालगाडी चालली होती, गार्डानं मला पाहून हिरवं निशाण दाखवलं. उतारावरून जी निघाली ती थेट इथे. घर आलं, घर गेलं! मी ओरडलो, धुरपदे, चहा ठेव! पण ओरडेपर्यंत उधना आलं."

"ब्रेक?" बाजीरावानं विचारलं.

"दाबला की! ब्रेक तिच्या मुळीच लक्षात आला नाही. पलसाणा आलं. तिथे हमरस्त्यावर मोटारी थांबल्या, ड्रायव्हर म्हणाले, आधी याला जाऊ द्या, याचं काही खरं नाही. बारडोलीच्या रस्त्याला लागलो तर पुढे ही रांग, उसाच्या गाड्यांची. कारखाना सुरू आहे ना. मी घंटी वाजवली, बैल बिचकले, आणि पळायला लागले माझ्या मागे. सगळी रांग! आम्ही तसेच कारखान्याच्या फाटकात. मी थेट वजनकाट्यावर. काटेवाला म्हणतो, ऊस कुठाय? मी म्हटलं, मागून येतोय, मी नुसता सांगायला आलोय."

चाळ हसत होती. हिलालही रंगात आला होता, पण डोळा त्याचा अधूनमधून दाराच्या कडीकडे जात होता.

"मग वळलास कसा?" बाजीरावानं विचारलं.

"वळायला जागा कुठाय? मागे गाड्या, पुढे चिमणी. तेवढ्यात आठवलं. बाजीरावदादा, तूच बघ, फ्रीव्हील जाम आहे की नाही? पुढे पायडल मारलं की पुढे. मग मागे मारलं तर?"

बाजीरावाच्या तोंडातली राख गिळली गेली. "मागे?"

"उलटं पायडल मारलं. निघाली उलटी! तोंड बारडोलीकडे, पाठ सुरतेकडे. गाडीवाले रामराम करताहेत, मी त्यांच्याकडे बघत लांब लांब चाललोय. पलसाण्याचे ड्रायव्हर म्हणाले, अरे, हा येतोय की जातोय? टिकटिक करणाऱ्या सायकलीला जमलं असतं का हे? तिचे पाय नुसते मागे फिरले असते, चाक जागेवर!"

"एवढ्या वेळात बारडोली?" शोभाबाई म्हणाली. "जाऊन आणि येऊन?"

"वेळ जातो तो थांबण्यात, शोभाबाई. मी थांबलोच कुठे?"

"आता तर थांबलात ना? ते कसं?"

हिलाल सायकलच्या सीटवर हात ठेवून म्हणाला, "दाराला कडी दिसली. पायांतला जोरच गेला. पाय थांबले तसं चाक थांबलं. प्रामाणिक आहे म्हटलं ना ती."

बाजीरावानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माणसांच्या मागून आवाज आला.

"खोटं शे हाई! साफ खोटं!"

माणसं बाजूला झाली. धुरपदाबाई उभी होती, एका हातात दुधाचा तांब्या, दुसऱ्या हातानं पोट धरलेलं, डोळ्यांत हसून हसून पाणी.

"कसली बारडोली आणि कसलं पलसाणा! तुम्हाला सायकलवर बसलेलं बघायचं म्हणून उजाडायच्या आत मी खात्याच्या दारात जाऊन उभी होते. शेठला कालच सांगून ठेवलं, उद्या येणार नाही. तिथपासून तुमच्या मागे मागे चालतेय, म्हटलं आता बसतील, मग बसतील. शेवटी कोपऱ्यावर दूध घ्यायला थांबले, तेवढ्यात तुम्ही बारडोलीला जाऊन आलात! अहो, बसलात कुठे तुम्ही हिच्यावर? हाताला धरून आणलीत तिला अख्ख्या वाटेनं! आणि गरनाळ्याच्या उतारावर काय म्हणत होतात? 'हळू गं माय, घाबरू नको, मी शे ना.' लग्न झाल्यापासून मला म्हणालात का एकदा तरी?"